शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षणाचे शासकीय अर्थसाहाय्य

शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षणाचे शासकीय अर्थसाहाय्य म्हणजे उद्योग व सेवा आस्थापनांमध्ये प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण घेणाऱ्या उमेदवारांच्या विद्यावेतनातील वाटा केंद्र किंवा राज्य शासनाने उचलण्याची व्यवस्था होय. भारतात या प्रशिक्षणाचे नियमन 'शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१' अन्वये होते.

कायदेशीर चौकट

हा अधिनियम १ मार्च १९६२ पासून अमलात आला. प्रारंभी तो औद्योगिक व्यवसायांपुरता मर्यादित होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारकांचा त्यात समावेश झाला. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांसाठी ते ऐच्छिक आहे. याच दुरुस्तीने किमान मासिक विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरविण्यात आले.

अधिनियमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. प्रशिक्षणानंतर त्याला नोकरी देण्याची सक्ती आस्थापनेवर नाही. मात्र २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेने त्याबाबत स्वतःचे धोरण ठरविणे अपेक्षित आहे.

केंद्र शासनाच्या योजना

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना १९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाली. तीत विहित विद्यावेतनाच्या २५ टक्के, परंतु दरमहा कमाल १,५०० रुपये, इतका वाटा केंद्र शासन उचलते. उदाहरणार्थ, ७,००० रुपये विद्यावेतन असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उत्तीर्ण उमेदवारासाठी २५ टक्क्यांप्रमाणे १,७५० रुपये होतात. कमाल मर्यादेमुळे शासनाचा वाटा १,५०० रुपये राहतो व उर्वरित ५,५०० रुपये आस्थापना देते. पूर्वी ही रक्कम आस्थापनेला प्रतिपूर्ती म्हणून मिळत असे. ऑगस्ट २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू झाली.

पदवीधर व पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाची स्वतंत्र योजना असून तीत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते. महाराष्ट्रात तिचे काम मुंबई येथील पश्चिम विभागीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहते.

महाराष्ट्र शासनाच्या योजना

राज्य शासनाने २०२१ मध्ये महाराष्ट्र शिकाऊ उमेदवारी योजनेस मान्यता दिली. पात्र आस्थापनांना विद्यावेतनाच्या ७५ टक्के किंवा ५,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम देण्याची तरतूद तीत आहे.

२०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या अधिनियमाबाहेरची आहे. तीत १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना बारावी उत्तीर्ण असल्यास ६,०००, आयटीआय किंवा पदविकेसाठी ८,००० आणि पदवीसाठी १०,००० रुपये दरमहा शासनाकडून मिळतात. सहा महिन्यांचा मूळ कालावधी पुढे पाच महिन्यांनी वाढविण्यात आला.

मुखेड तालुका व परिसर

नांदेड जिल्ह्यातील मुखेड हा लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतचा, प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेला तालुका आहे. येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था व राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे. मोठ्या औद्योगिक वसाहती मात्र नांदेड, कृष्णूर (ता. नायगाव) व लातूर येथे आहेत.

अशा तालुक्यांत अर्थसाहाय्याच्या रचनेची मर्यादा स्पष्ट होते. बंधनकारक तरतूद आस्थापनेच्या मनुष्यबळाशी जोडलेली असल्याने गॅरेज, वेल्डिंगची दुकाने, मोटार रिवाइंडिंग अशा लहान व्यवसायांत काम शिकणारे तरुण बहुधा औपचारिक करार व विद्यावेतनाबाहेर राहतात. परगावी प्रशिक्षण घेणाऱ्यांना खोलीभाडे, जेवण व प्रवास यांचा खर्च विद्यावेतनातूनच भागवावा लागतो; केंद्राच्या वाट्यात त्यासाठी वेगळी रक्कम नाही. परिणामी अर्थसाहाय्याचा लाभ उमेदवाराच्या पात्रतेइतकाच त्याच्या गावापासून आस्थापनेच्या अंतरावरही अवलंबून राहतो.