हवा आत, की हवा बाहेर?

मे महिन्यात पश्चिम राजस्थानात आंधी येऊन गेली की मागे दोन प्रकारची घाण राहते. जाड वाळू उंबऱ्याशी आणि तंबूच्या कडेला ढीग करून बसते. ती खराट्यानं निघते. दुसरी पिठासारखी बारीक, तासन्तास हवेत तरंगणारी. ती बंद ट्रंकेतल्या युनिफॉर्मच्या घड्यांत सापडते, डायरीच्या पानांत सापडते आणि ऑफिसातल्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पोटात तर हमखास सापडते. माझी बरीच नोकरी या दुसऱ्या धुळीच्या मुलखात झाली. त्यामुळे कॉम्प्युटरचा इतिहास वाचताना वेगाच्या नि मेमरीच्या आकड्यांवर माझी नजर फारशी थांबत नाही. मी एक फालतू वाटणारा प्रश्न शोधत बसतो: यातला पंखा हवा आत ढकलतोय, की बाहेर फेकतोय?

रणगाड्यात किंवा बीएमपीत बसलेल्यांना हा प्रश्न फालतू वाटणार नाही. टी-७२ मध्ये अणुहल्ल्याच्या किंवा विषारी वायूच्या वेळी फिल्टरमधून गाळलेली हवा आत ढकलतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. मग हॅचला फट राहिली तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरचं काही आत येत नाही. सगळ्या फटी बुजवणं कुणालाच जमत नाही. दाबाची दिशा सांभाळणं जमतं.

कॉम्प्युटर सुरुवातीला आमच्याच खात्याचं अपत्य. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेला एनियाक अमेरिकी लष्करानं तोफखान्याची फायरिंग टेबलं काढण्यासाठी बांधून घेतला होता. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते नि वीज लागायची १५० किलोवॅट. एवढी उष्णता काढायची म्हणजे सतत जोरात हवा खेळवणं आलं, आणि हवा खेळवली की हवेबरोबर येणारं सगळंच आलं. त्याच काळातल्या हार्वर्ड मार्क-२ या यंत्रात तर व्हॉल्व्ह नव्हते, रिले होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो लॉगबुकात चिकटपट्टीनं चिकटवून ठेवला गेला. ही गोष्ट पुढे अमेरिकी नौदलाच्या ग्रेस हॉपर यांनी सांगून सांगून प्रसिद्ध केली. पतंगाचं कौतुक सगळे करतात. पण रिलेच्या दोन टोकांमध्ये धुळीचा एक कण आला तरी सर्किट जुळत नाही, आणि तो कण कुणी वहीत चिकटवत नाही. जुनी फील्ड एक्स्चेंजेस चालवलेल्या सिग्नलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कॉम्प्युटरला स्वतंत्र खोली आली. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा टिफ्रॅक चालू झाला. २,७०० व्हॉल्व्हचं हे यंत्र, नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी दिलं. असल्या यंत्रांची खोली वातानुकूलित असायची. पुढे पोकळ जमीन, तिच्याखालून येणारी गार गाळीव हवा आणि बाहेरच्या कॉरिडॉरपेक्षा आत थोडा जास्त दाब, अशी मशीन रूमची पद्धत बसली. म्हणजे टी-७२ चंच तत्त्व. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना शाळा-कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवत असेल. चपला बाहेर, आत दबक्या आवाजात बोलायचं, तास संपला की प्लास्टिकचं कव्हर घालायचं. त्या सोवळ्याची आपण नंतर चेष्टा केली, पण त्यामागे कारण होतं.

सगळ्यात कडक सोवळं डिस्कचं. १९५६ च्या आयबीएम रॅमॅकमध्ये ५० मोठ्या तबकड्या होत्या नि त्यात मावायचे जेमतेम ५ मेगाबाइट. जसजशी जास्त माहिती दाटीनं भरली, तसतसं वाचणारं हेड तबकडीच्या जवळ आणावं लागलं. १९७३ सालच्या आयबीएम ३३४० मध्ये हे अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास होतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. त्या हेडच्या दृष्टीनं सिगारेटच्या धुराचा कण म्हणजे वाटेतला धोंडा. म्हणून आयबीएमनं हेड आणि तबकड्या एकत्रच डब्यात बंद केल्या. या डिस्कला विंचेस्टर म्हणतात. मूळ आराखड्यात ३० मेगाबाइटच्या दोन डिस्क होत्या, आणि थर्टी-थर्टी म्हटलं की अमेरिकनांना विंचेस्टर रायफलच आठवते. पुढच्या हार्ड डिस्कना दाब जुळवायला एक बारीक भोक ठेवलं, त्याच्याआड फिल्टर बसवला आणि शेजारी लिहिलं की हे झाकू नका.

मग ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. कॉम्प्युटर खोलीतून उठून टेबलावर बसला आणि कुणाच्या फारसं लक्षात न येता पंख्याची दिशा उलटली. पीसीच्या पॉवर सप्लायमधला पंखा आतली गरम हवा मागून बाहेर फेकत होता. म्हणजे डब्यात दाब कमी, आणि हवा आत येणार जिथं फट मिळेल तिथून. सगळ्यात मोठी फट समोर, फ्लॉपीच्या खाचेत. वाळवंटातल्या ऑफिसात फ्लॉपी ड्राइव्ह सगळ्यात आधी का जायचे, याचं उत्तर हे.

पहिली दहाएक वर्षं ते खपून गेलं. त्या पीसीतला ८०८८ प्रोसेसर इतका थंड की त्याला हीट सिंकचीही गरज नव्हती. वर धुळीचा थर बसला तरी काही बिघडत नसे. १९९३ साली पेंटियम आला आणि प्रोसेसरवर स्वतंत्र पंखा बसू लागला. २००४ पर्यंत काही पेंटियम-४ शंभर वॅटच्या वर गेले होते. ही उष्णता काढायला धातूच्या पातळ पात्यांची दाट रांग, आणि तिच्यावर पंखा. धूळ नेमकी या दोहोंच्या मध्ये बसते. आधी कपड्यांचे तंतू अडकतात, त्यात बारीक कण रुततात, हळूहळू गोधडी तयार होते. गोधडी ऊब धरते तशी ही पण धरते, कारण तिच्या आत हवा कोंडलेली असते.

पेंटियम-४ तापला की स्वतःहून वेग कमी करायचा. तो जळू नये म्हणून केलेली चांगली सोय, पण वापरणाऱ्याला एवढंच दिसायचं की कॉम्प्युटर स्लो झाला. आणि स्लो म्हणजे व्हायरस, हे आपल्याकडे ठरलेलं. एका वाळवंटी ठाण्यावर आमच्या ऑफिसातला डेस्कटॉप एप्रिल संपता संपता रोज दुपारी दोनच्या सुमाराला आपोआप बंद पडायला लागला. सकाळी ठणठणीत. शहरातून आलेल्या दुरुस्तीवाल्यानं व्हायरस म्हणून डिस्क फॉरमॅट केली. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या खेपेला निवृत्तीला आलेल्या जवानांच्या पेन्शनच्या कागदांचं सगळं टायपिंग गेलं. कागदी प्रती होत्या म्हणून निभावलं, तरी क्लार्क मंडळी कितीतरी रात्री जागली. पहिली पेन्शन दोन महिने उशिरा आली तर घरात काय होतं, हे निवृत्त वाचकांना मी सांगायला नको. शेवटी साताऱ्याकडचे आमचे हेडक्लार्क साहेब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. झाकण काढलं, पंखा उचलला आणि म्हणाले, "साहेब, यात तर नमदा बसलाय." अख्खा थर एका तुकड्यात सोलून निघाला. त्यानंतर ते यंत्र जूनमध्येही दुपारी दोनला चालत होतं.

इथं इतिहासातलं एक हुकलेलं वळण सांगायलाच हवं. १९९५ साली इंटेलनं पीसीच्या अंतर्गत मांडणीसाठी एटीएक्स नावाचं मानक आणलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीत पॉवर सप्लायचा पंखा उलटा होता. तो बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडणार, डब्यात दाब वाढणार, धूळ कमी शिरणार. म्हणजे मशीन रूमची पद्धत पुन्हा टेबलावर. पण पॉवर सप्लायमधून येणारी हवा आधीच तापलेली, आणि प्रोसेसर दिवसेंदिवस जास्त गरम. कल्पना टिकली नाही, पंखे पुन्हा बाहेर फेकू लागले. उष्णता जिंकली म्हणायची; धुळीचा हिशेब वापरणाऱ्याच्या माथी.

मग फिल्टर का नाही बसवले? याचं उत्तर उत्तर आफ्रिकेतल्या लढाईत मिळतं. आपली चौथी इंडियन डिव्हिजन ज्या वाळवंटात लढली, तिथं स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा फिल्टर लावला होता. इंजिन वाचलं, पण त्या फुगवट्यानं विमानाचा वेग घटला. शेवटी इजिप्तमधल्या अबूकीरच्या दुरुस्ती डेपोनं आटोपशीर फिल्टर बनवला. फिल्टर काहीतरी वसूल करतोच. शिवाय तुंबलेला फिल्टर नसलेल्या फिल्टरपेक्षा वाईट. तो कुणीतरी काढून साफ करावा लागतो. आमच्या गाड्यांना ड्रायव्हर असतो, लॉगबुक असतं, मेंटेनन्स परेड असते, एअर क्लीनर कधी उघडला याची नोंद असते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला ड्रायव्हर नसतो. माझ्या मते खरी मेख इथं आहे.

धूळही सगळीकडे एक नाही. राजस्थानची कोरडी, ब्रशनं निघते. कच्छच्या रणाजवळची खारी. ती ओल धरते आणि तांब्यावर हिरवं किटण चढवते. ईशान्येत पावसाळ्यात धुळीचा चिखल होतो, वर बुरशी, आणि पॉवर सप्लायमध्ये ऊब शोधत आलेली पाल. लडाखची मला सगळ्यात चिवट वाटली. बुखारीची काजळी धुळीत मिसळली की तेलकट लेप बसतो, कोरड्या ब्रशला दाद देत नाही. त्यात लेहला हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. तोच पंखा तेवढाच फिरून कमी उष्णता नेतो. बाहेर शून्याखाली पारा असताना कॉम्प्युटर तापून बंद पडला, हे तिथं पहिल्यांदा आलेल्याला पटत नाही.

लढाईच्या उपकरणांचं आम्ही कधीच वेगळं केलंय. जेएसएस ५५५५५ या आपल्या लष्करी मानकात धुळीची चाचणी आहे. असली उपकरणं बहुधा सीलबंद येतात, पंखा नसतो, बाहेरचा धातूचा सांगाडाच उष्णता सोडतो. आता एसएसडीमुळे हेड-तबकडीची भीतीही गेली. पण ती किंमत ऑफिसच्या टेबलाला परवडत नाही.

गंमत म्हणजे १९९५ ची कल्पना पुन्हा जिवंत केली ती गेम खेळणाऱ्या पोरांनी. माझ्या भाच्यानं पुण्यात स्वतः जोडलेल्या मशीनमध्ये समोर तीन पंखे हवा आत घेणारे, मागे एकच बाहेर फेकणारा, आणि समोरच्या प्रत्येकापुढे जाळी. आत दाब जास्त राहावा म्हणून, असं त्यानंच मला समजावलं. जाळी धुवायची आठवण मात्र अजून त्याच्या आईलाच करून द्यावी लागते.