विस्कटलेल्या केसांचे शब्द

इंग्रजीत ‘डिशेव्हल्ड’ असा एक शब्द आहे. विस्कटलेला, गबाळ्या अवताराचा, असा त्याचा आजचा अर्थ. पण त्याचा जन्म केसांतून झाला आहे. लॅटिन भाषेत केसाला ‘कॅपिलस’ म्हणत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘शेव्हेल’ झाला आणि पुढे उपसर्ग लागून तो इंग्रजीत आला. चौदाव्या शतकात चॉसर कवीने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तो वापरला, तेव्हा त्याचा अर्थ केस मोकळे सोडलेला एवढाच होता. पुढे केसांवरून तो साऱ्या अवताराला लागू झाला आणि वर्णनाचा शब्द दोषाचा बनला.

आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना हा शब्द शिकवताना ‘परागंदा’ असा अर्थ सांगतो. हा शब्द मूळचा फारसी. उर्दूत परागंदा म्हणजे विखुरलेला. केसही परागंदा असतात आणि मनही. हाच शब्द मराठीत आला तो घरदार सोडून परमुलखात गेलेल्या माणसासाठी.

मराठीत मात्र केस ‘पिंजारतात’. ही कापसाची भाषा आहे आणि आमचा जालना जिल्हा कापसाचा मुलूख. गाद्या-रजया भरण्यासाठी पिंजारी आपले पिंजण घेऊन दारोदार फिरत. धनुष्यासारख्या त्या पिंजणाच्या तातेवर आघात केला की दबलेला कापूस मोकळा होई, त्यातली धूळ आणि कचरा झडून जाई. या कारागिरालाच नद्दाफ म्हणतात आणि अरबीत हल्लाज. इ. स. ९२२ मध्ये बगदादला ज्यांना देहदंड झाला, ते सूफी हुसैन बिन मन्सूर हे याच ‘हल्लाज’ नावाने जगाला माहीत आहेत. आपल्याकडची कित्येक पिंजारी कुटुंबे स्वतःला मन्सुरी म्हणवतात.

म्हणजे गंमत पाहा. पिंजल्याने कापूस स्वच्छ होतो, मऊ होतो, पांघरण्याजोगा होतो. पण ज्या कष्टाने दुसऱ्यांची थंडी घालवली, त्याच कष्टाचा शब्द केसांना लागला की गबाळेपणाचा ठरतो!

आज हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांची मुले काही महिन्यांनी शाळेत परततात ती पिंजारलेल्या केसांनी, विटक्या कपड्यांत. मराठी आणि उर्दू, दोन्ही अर्थांनी ती परागंदा असतात. फणी आणि तेल त्यांना देता येईल, तो पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पण ‘गबाळा’ हा शेरा एकदा मुलाला चिकटला की तो फणीने निघत नाही. म्हणून आम्हा शिक्षकांनी तो शब्द उच्चारण्याआधी एवढेच विचारावे : बाळा, इतके दिवस कुठे होतास?