दिग्दर्शकाचें दप्तर : मराठवाडा विद्यापीठांतील नाट्यशिक्षणाच्या निमित्तानें

१. मराठी रंगभूमीच्या इतिहासाचीं साधनें म्हणून नाटकांचीं छापील पुस्तकें, जाहिरातीचीं हस्तपत्रकें, नटांचीं आत्मवृत्तें व वर्तमानपत्रांतील परीक्षणें यांचा उपयोग अभ्यासक आजवर करीत आले आहेत. या साधनांत एक मोठी उणीव आहे. नाटककारानें काय लिहिलें हें त्यांवरून कळतें. नट कसा दिसला हेंही थोडेंबहुत कळतें. परंतु नाटक बसविणारानें तें कसें बसविलें, याचा अस्सल कागद सहसा हातीं लागत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग विद्यापीठांतील दिग्दर्शनशिक्षणानें कसा मोकळा केला, हें औरंगाबाद, म्हणजे हल्लींचें छत्रपति संभाजीनगर, येथील उदाहरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. प्रथम जुन्या पद्धतीचा विचार करूं. सूत्रधार भरताच्या नाट्यशास्त्राइतका जुना आहे. ‘दिग्दर्शक’ ही संज्ञा मात्र अलीकडची. संगीत नाटक मंडळींत हें काम तालीममास्तराकडे असे. किर्लोस्कर मंडळींतील गोविंद बल्लाळ देवल हे या वर्गाचे मुकुटमणि होत. त्यांचें ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. नाटक त्यांचेंच व तालीमही त्यांचीच. असें असून, अमुक वाक्यावर त्यांनीं नटास कोठें थांबविलें आणि कोठें वळविलें, हें ‘शारदे’च्या छापील प्रतींत आढळत नाहीं. नटाच्या हातीं पडे ती त्याच्या भाषणांची नक्कल; बाकीची सर्व विद्या गुरुमुखानें मिळावयाची. देवल १९१६ सालीं वारले. पुढें शिष्यांच्या आठवणी राहिल्या. पण आठवण आणि समकालीन कागद यांच्या प्रामाण्यांत किती अंतर असतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

३. आतां मराठवाड्याकडे वळूं. हा प्रांत १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. उच्च शिक्षणासाठीं हैदराबादेकडे पाहावें लागे, व १९१८ सालीं स्थापन झालेल्या तेथील उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षण उर्दूतून चाले. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचें महाविद्यालय औरंगाबादेस १९५० सालीं निघालें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि १४ जानेवारी १९९४ रोजीं त्याच्या नांवांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें. पुण्यामुंबईसारखा नाटकाचा नित्य व्यवसाय येथें नव्हता. तेव्हां उमेदवारानें एकाद्या मंडळींत शिरून तालीममास्तराच्या हाताखालीं वर्षें काढावीं, ही वाट येथील तरुणास घरबसल्या मोकळी नव्हती. जेथें मंडळी नव्हती तेथें मंडळीचें शिकविण्याचें काम विद्यापीठानें अंगावर घेतलें, असा आमचा या घटनेचा अर्थ आहे.

४. विद्यापीठांतील नाट्यशास्त्र विभाग १९७० नंतरच्या दशकांत उभा राहिला. त्याची उभारणी करणारे प्रा. कमलाकर सोनटक्के हे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयांत शिकलेले होते. तें विद्यालय १९५९ सालीं संगीत नाटक अकादमीनें काढलें, व १९६२ पासून १९७७ पर्यंत इब्राहिम अल्काझी यांनीं त्यास शिस्त लावली. या नव्या पद्धतीचें मर्म, आमच्या मतें, लेखनांत आहे. शिकाऊ दिग्दर्शकास नाटक नुसतें बसवून भागत नाहीं. तें तसें कां बसविलें हें गुरूस पटवून द्यावें लागतें. म्हणून तो संहितेच्या पानासमोर कोरें पान घालतो. त्यावर रंगमंचाचा आराखडा, पात्रांच्या हालचालींचे बाण, दिव्यांच्या व पडद्याच्या खुणा, वेषांची व सामानाची यादी येते. जी विद्या तोंडीं होती ती अशा रीतीनें कागदावर उतरते.

५. सर्वच विद्या कागदावर उतरते असें मात्र नाहीं. याच विभागांत अध्यापक व पुढें प्रमुख असलेले प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हें १९७९ सालीं रंगभूमीवर आणलें. त्यांत ५२ पात्रें ते एकटे उभीं करीत. लेखक, नट व बसविणारा अशी ही तिहेरी भूमिका देवलांच्या परंपरेशीं जुळते. ते २००९ सालीं वारले. पुस्तक आहे, परंतु एका पात्रांतून दुसऱ्यांत शिरतांना मान किती वळवावी, आवाज कोठें तोडावा, हें त्यांत सांपडणार नाहीं. चित्रमुद्रण प्रयोग दाखवितें, प्रयोगामागील विचार दाखवीत नाहीं. तो टिपणांतच मिळावयाचा.

६. औरंगाबादेंतील ‘जिगीषा’ या संस्थेंतून पुढें आलेले चंद्रकांत कुलकर्णी यांनीं १९९४ सालीं महेश एलकुंचवारांचीं ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठीं’ व ‘युगान्त’ हीं तीन नाटकें सलग बसविलीं. एकाच घराण्याचा हा दीर्घ पट एका रंगमंचावर कसा मांडला, हें जाणण्यास छापील संहिता पुरी पडत नाहीं. पुणें विद्यापीठांत ललित कला केंद्र १९८७ सालीं, व मुंबई विद्यापीठांत नाट्य अकादमी २००३ सालीं सुरू झाली. तेव्हां असे कागद आतां तिन्ही ठिकाणीं निर्माण होत असले पाहिजेत.

७. येथें संग्राहकांस एक विनंती करावीशी वाटते. आपण सर्व स्वच्छ प्रतीचे भोक्ते. समासांत पेन्सिलीनें खरडलेली, पानें सुटलेली, चहाचे डाग पडलेली नाटकाची प्रत आपण बाजूस सारतों व ती रद्दींत जाते. दिग्दर्शकाच्या बाबतींत हा न्याय उलटा लावला पाहिजे. येथें मळलेली प्रत हीच अस्सल. कोरी प्रत तर बाजारांतही मिळते. अशी प्रत हातीं आल्यास खोडाखोड पुसूं नये. पेन्सिलीचा व शाईचा मजकूर वेगवेगळा नोंदावा, कारण पहिल्या तालमीचा बेत आणि नंतरचा बदल त्यांवरून निराळे करतां येण्याचा संभव असतो. सालाबरोबर नाट्यगृहाचें नांवही टिपावें. कारण रंगमंचाची लांबीरुंदी कळल्यावांचून हालचालींच्या बाणांचा अर्थ लागत नाहीं. देवलांची वही आपणांस मिळाली नाहीं, त्यास आतां उपाय नाहीं. त्यांच्यानंतरच्यांच्या वह्या अद्याप घरोघर असतील. तोंवरच त्यांचा शोध घेणें इष्ट होय.