श्रद्धा शोधायची कुठे?

धर्मांतराचा इतिहास लिहायला घेतला की आपण आधी वादविवाद गोळा करतो. रोजचं काम मात्र सुटून जातं. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे १८९३मध्ये पालकांनी पुण्याच्या शारदा सदनातून मुली काढून नेल्या. हे आपल्याला पाठ असतं.

आता केडगावकडे वळा. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात मुली शिकल्या, शेतात राबल्या, मागावर बसल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात छापलं गेलं. इथे श्रद्धा कामातूनच दिसते.

पण जरा थांबा. रमाबाईंसाठी हे काम ख्रिस्तसेवा होतं, म्हणून खिळे जुळवणाऱ्या मुलीसाठीही ते तसंच होतं, असं धरून चालू नका. तिच्यासाठी ती आधी भाकरी असू शकते, हातातलं कसब असू शकतं, किंवा खरोखर प्रार्थनाही. संस्था चालवणाऱ्याचा शब्द आणि तिथे राबणारीचा अनुभव, दोन्हींसाठी वेगळे पुरावे शोधा. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक याच फटीत सापडेल.