दोनदा दिलेले शंभर रुपये

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात ७२व्या कलमाखाली दोन उदाहरणे छापलेली आहेत. पहिले उदाहरण साधे आहे. अ आणि ब हे दोघे मिळून क चे शंभर रुपये देणे लागतात. अ एकटाच सगळी रक्कम चुकती करतो. ब ला याचा पत्ता नाही. तोही जाऊन क ला शंभर रुपये देतो. क ने ब चे पैसे परत केले पाहिजेत.

एवढेच. ब ने आधी चौकशी का केली नाही, हा प्रश्न उदाहरणात विचारलेलाच नाही. क ने काही लबाडी केली का, हेही विचारलेले नाही. दुकानात कार्ड एकदा ‘डिक्लाइन’ दाखवते, दुकानदार पुन्हा घासतो आणि घरी येईपर्यंत खात्यातून पैसे दोनदा गेलेले असतात, तेव्हा पहिला वाद नेमका या दोन प्रश्नांवर रंगतो. तुम्ही मशीनकडे बघितले का नाही? आमचा काय दोष? कायद्याने हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवले ते काही सहज झालेले नाही. त्यामागचे कागद इंग्लंडच्या निकालसंग्रहांत शिल्लक आहेत.

त्यातला एक १७६० सालचा, मोझेस विरुद्ध मॅकफर्लन. मोझेसकडे जेकब नावाच्या माणसाच्या चार वचनचिठ्ठ्या होत्या, प्रत्येकी तीस शिलिंगांच्या. त्याने त्या सही करून मॅकफर्लनच्या नावे केल्या, म्हणजे मॅकफर्लनला स्वतःच्या नावाने जेकबकडून वसुली करता यावी. या सहीमुळे मोझेसच्या अंगावर काही येणार नाही, असे मॅकफर्लनने लेखी दिले. आणि मग त्याने मोझेसवरच चार दावे लावले. चारच का, ते रकमेवरून उलगडते. ज्या छोट्या न्यायालयात तो गेला तिथे चाळीस शिलिंगांच्या आतलेच दावे चालत. चारही चिठ्ठ्यांचे मिळून सहा पौंड होत होते, एकेक चिठ्ठी मात्र मर्यादेत बसत होती. त्या न्यायालयाने लेखी कराराकडे बघण्याचा आपल्याला अधिकार नाही असे ठरवले. मोझेसला सहा पौंड भरावे लागले.

तो वरच्या न्यायालयात गेला आणि लॉर्ड मॅन्सफिल्डने त्याला पैसे परत देवविले. दोघांत परतफेडीचा करार नव्हता. मॅन्सफिल्डची भूमिका अशी, की ज्याच्या हातात दुसऱ्याचे पैसे आहेत आणि ते ठेवून घेणे न्यायाला धरून नाही, त्याच्यावर परतफेडीचे बंधन आपोआप येते. चुकून किंवा दांडगाईने घेतलेले पैसे त्याने याच सदरात घातले. आता भांडण देणाऱ्याच्या वचनावरून उठून घेणाऱ्याच्या हक्कावर आले. मला हा बदल मॅन्सफिल्डच्या पुष्कळ गाजलेल्या निकालांपेक्षा मोठा वाटतो.

पण देणाराच गाफील असेल तर? त्यासाठी १८४१ चा केली विरुद्ध सोलारी हा खटला वाचायला हवा, आणि सावकाश वाचायला हवा, कारण त्यात सगळे काही तारखांवर आणि पेन्सिलीच्या एका शब्दावर उभे आहे.

सोलारी नावाच्या गृहस्थाने १८३६ साली आर्गस लाइफ या विमा कंपनीत आपल्या जिवाची दोनशे पौंडांची पॉलिसी काढली. हप्ता दर तिमाहीला. १८४० च्या ३ सप्टेंबरला देय असलेला हप्ता चुकून भरायचा राहिला आणि १८ ऑक्टोबरला तो वारला. नोव्हेंबरात कंपनीच्या विमागणितज्ञाने बेट्स आणि क्लिफ्ट या दोन संचालकांना कळवले की ही पॉलिसी हप्त्याअभावी बाद झाली आहे. क्लिफ्टने तिथल्या तिथे पॉलिसीवर पेन्सिलीने तसा शेरा मारला. फेब्रुवारी १८४१ मध्ये सोलारीच्या विधवेने मृत्युपत्र शाबीत करून घेतले आणि आठवड्याभरात कंपनीत जाऊन पैसे मागितले. या पॉलिसीबरोबर नवऱ्याच्या आणखी दोन पॉलिसी होत्या. तिन्ही मिळून एक हजार पौंड. बेट्स, क्लिफ्ट आणि तिसरे एक संचालक लॉइड यांनी सूट वजा करून ९८७ पौंड १० शिलिंगांचा चेक दिला. शेरा मारणारा हात आणि चेकवर सही करणारा हात एकच होता.

कंपनीने बाद पॉलिसीपुरते १९७ पौंड १० शिलिंग परत मागितले. (दोनशेवर सव्वा टक्का सूट, हजारावरची सूटही त्याच दराने येते. अहवालातल्या रकमा एकमेकींशी जुळतात, हे पाहून बरे वाटते.) आम्ही साफ विसरलो होतो, असे संचालकांनी साक्षीत सांगितले. पहिल्या सुनावणीत लॉर्ड ॲबिंजरने दावा टिकू दिला नाही: माहिती तुमच्याच कपाटात होती, मग चूक कसली? नोव्हेंबरात पूर्ण पीठापुढे हे मत उलटले आणि फेरसुनावणीचा हुकूम झाला. न्यायमूर्ती पार्कने नियम मांडला तो असा: एखादी गोष्ट खरी आहे असे धरून पैसे दिले आणि ती खरी नसेल, तर देणारा कितीही निष्काळजी असला तरी पैसे परत मिळतात. चौकशीच नको, काय असेल ते असो, असे मनाशी ठरवून जाणूनबुजून दिले असतील तेवढे मात्र परत मिळत नाहीत.

इथे सहानुभूती साहजिकच विधवेकडे जाते, आणि जावी. एका चुकलेल्या हप्त्यापायी दोनशे पौंड बुडवणारी कंपनी काही दयेचा विषय नाही. पण तोच नियम उलट बाजूने, दुकानदारापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला लावून पाहिला की त्याची किंमत कळते. मशीनकडे नीट न बघता दुसऱ्यांदा पिन दाबणारा माणूस आर्गसच्या संचालकांपेक्षा निष्काळजी नक्कीच नाही.

भारतीय कराराच्या कायद्याचा मूळ मसुदा लंडनमध्ये नेमलेल्या विधी आयोगाने १८६६ साली दिला. कलकत्त्यात आधी हेन्री मेन आणि मग जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या हाताखाली त्यात बरेच फेरफार झाले, आणि १ सप्टेंबर १८७२ पासून कायदा लागू झाला. ७२वे कलम करारांच्या प्रकरणांत नाही. करारासारख्या दिसणाऱ्या, पण करार नसलेल्या संबंधांचे जे छोटे पाचवे प्रकरण आहे, त्याच्या शेवटी ते आहे. चुकून किंवा जुलमाने पैसे मिळालेल्याने ते परत केले पाहिजेत, एवढाच त्याचा आशय. दुसरे उदाहरण रेल्वेचे: कंपनी बेकायदा जादा भाडे घेतल्याशिवाय माल सोडत नाही, घेणारा निमूटपणे भरतो आणि माल सोडवून घेतो, जादा रक्कम त्याला परत मिळाली पाहिजे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. मालधक्क्यावर अडलेल्या व्यापाऱ्याला हे उदाहरण समजावून सांगायची गरज नव्हती.

कलमात ‘चूक’ एवढेच म्हटले आहे. वस्तुस्थितीची चूक की कायद्याची, असा भेद केलेला नाही. इंग्लंडात १८०२ पासून कायदा न कळल्यामुळे दिलेले पैसे परत मिळत नसत, आणि इथल्या काही न्यायालयांनी तोच भेद ७२व्या कलमात घुसवायचा प्रयत्न केला. १९४९ साली प्रिव्ही कौन्सिलने झरियाच्या कोळसाखाणीच्या खटल्यात तो मोडून काढला. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने बनारसच्या एका सराफाच्या विक्रीकराच्या खटल्यात सरकारलाही तोच नियम लावला. खुद्द इंग्लंडने जुना भेद सोडला तो १९९८ मध्ये. कलकत्त्याचा कायदा लंडनच्या सव्वाशे वर्षे पुढे होता, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईचा कागद मात्र कडू आहे. तिलोकचंद मोतीचंद या पेढीने परराज्यातल्या गिऱ्हाइकांकडून विक्रीकर म्हणून पैसे घेतले होते. ते घेता येत नव्हते. ते गिऱ्हाइकांना परत करण्याची अट पेढीने पाळली नाही, म्हणून मार्च १९५८ मध्ये विक्रीकर अधिकाऱ्याने सुमारे साडेसव्वीस हजार रुपये सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. पेढी मुंबई उच्च न्यायालयात गेली. गिऱ्हाइकांचे नको ते पैसे दाबून बसलेल्याला दाद नाही, असा तिथला सूर होता. अपीलही फेटाळले गेले. १९५९–६० मध्ये पेढीने हप्त्याहप्त्याने रक्कम भरली. पुढे १९६७ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका खटल्यात अशाच जप्तीची तरतूद घटनाबाह्य ठरवली. फेब्रुवारी १९६८ मध्ये पेढी थेट सर्वोच्च न्यायालयात: आम्ही कायद्याच्या चुकीने भरले, परत द्या. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्यासह तिघांनी नाही म्हटले, दोघांनी होय. उशीर झाला, दुसऱ्या कोणी लढून जिंकेपर्यंत वाट बघत बसता येणार नाही, असा बहुमताचा निर्णय.

या सगळ्या कागदपत्रांत वादी आहे, प्रतिवादी आहे, सरकार आहे. ज्यांनी मुळात जादा पैसे दिले ते परराज्यातले खरेदीदार कुठेच उभे नाहीत. प्रत्येकाची रक्कम वकील लावण्याइतकी मोठी नसणार, हे उघड आहे. जादा आकारणी पचते ती बहुतेक वेळा याच कारणाने. ज्याने बोजा पुढे ढकलला त्याला करपरतावा नाही, हे तत्त्व डिसेंबर १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पक्के केले.

छोट्या रकमांचा प्रश्न कोर्टाबाहेरच सुटणार होता. रिझर्व्ह बँकेची परिपत्रके ओळीने लावली की एक सरकत गेलेली तारीख दिसते. २००९ मध्ये एटीएममधून पैसे न येता खाते वजा झाले, तर तक्रार पोचल्यापासून बारा कामकाजाच्या दिवसांत ते परत, पुढे दिवसाला शंभर रुपये. २०११ मध्ये बाराचे सात झाले; पण भरपाई हवी तर तक्रार तीस दिवसांत झालेली असायला हवी. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मोजणीच व्यवहाराच्या तारखेपासून सुरू होते. तक्रारीची वाट न बघता बँकेने पैसे परत करायचे आणि उशिराची भरपाईही आपणहून द्यायची. दुकानातल्या कार्डासाठी आणि दुकानदाराला केलेल्या यूपीआयसाठी मुदत पाच दिवस, नंतर दिवसाला शंभर रुपये.

या परिपत्रकाच्या तक्त्यातली अट नीट वाचावी. खाते वजा झाले, पण दुकानात खात्री पोचली नाही, म्हणजे मशीनमधून चिठ्ठी निघाली नाही, तरच ही घड्याळे चालू होतात. दोन्ही वेळा चिठ्ठी निघाली असेल तर दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत, पैसे दुकानदाराच्या खात्याकडे निघाले आहेत आणि तक्ता गप्प आहे. अशा वेळी तो दुकानदार म्हणजे उदाहरणातला क. रात्रीच्या सेटलमेंटच्या आत दुकान मशीनवरूनच दुसरा व्यवहार ‘व्हॉइड’ करू शकते; नंतर रिफंड द्यावा लागतो. तोही नाकारला तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद दाखल करायचा. कार्डकंपन्यांच्या नियमांत एकच व्यवहार दोनदा प्रक्रिया होण्याचा वेगळा रकाना आहे. दोन नोंदींचे बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि बिल एकच असल्याचा पुरावा, एवढे त्यासाठी लागते. मशीनची चिठ्ठी उन्हात आणि पाकिटात पुसट होते, तेव्हा तिचा फोटो त्याच दिवशी घ्यावा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने फुकट तक्रारीची वाट ठेवली.

आणि कोर्टच गाठायचे ठरवले, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात चुकून दिलेल्या पैशांच्या दाव्याची तीन वर्षे चूक उमगल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर ती उमगली असती त्या दिवसापासून मोजतात. पैसे गेल्याचा मेसेज मिनिटासह फोनवर येतो. तो वाचला नव्हता, असे सांगून मोजणी पुढे ढकलणे आता अवघड आहे.