'शेअरिंगला टाक' म्हणतो, ती बोली कोणाची?

"फाइल शेअरिंगला टाकलीय, घे." आमच्या पेपरच्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकू येतं. पतसंस्था असो, डीटीपीचं दुकान असो की सरकारी कचेरी, एका कॉम्प्युटरची हार्डडिस्क बाकीच्यांना उघडी करून दिलेली असते आणि सगळा कारभार तिच्यावर चालतो. याचा इतिहास कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

दुसऱ्या मशीनची डिस्क आपलीच असल्यासारखी वापरायची तर दोन मशीनमध्ये ठरलेली बोली लागते. ही फाइल उघड, एवढं वाच, मी लिहितोय तोवर दुसऱ्याला लिहू देऊ नकोस. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाम यांनी अशी बोली तयार केली. तिचं नाव एसएमबी. मायक्रोसॉफ्टने ती घेतली, विंडोजमध्ये घातली आणि वाढवत नेली. पण वाढवलेल्या भागाचं पूर्ण व्याकरण बाहेर दिलं नाही. थोडक्यात, शेअरिंग हवं तर सर्व्हरही आमचाच घ्या!

१९९१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल हा पीएचडीचा विद्यार्थी युनिक्स मशीनची डिस्क आपल्या पीसीवर आणू पाहत होता. त्याने कोणाचा कोड चोरला नाही. केबलवरून जाणारे संदेश तो नुसते ऐकत बसला. परमुलखात बदली झालेला माणूस बाजारात उभा राहून, गिऱ्हाईक काय म्हणालं की दुकानदार काय काढून देतो हे बघत भाषा शिकतो ना, तसंच. त्यातून 'सांबा' हे फुकट सॉफ्टवेअर जन्मलं. नावही गमतीचं: एस, एम, बी ही अक्षरं येणारा शब्द त्याने शब्दांच्या यादीत शोधला. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक नेटवर्क स्टोरेजच्या डब्यांत सांबाच चालतं.

व्याकरणाचं भांडण मात्र युरोपात कोर्टापर्यंत गेलं. २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड झाला, २००७मध्ये कोर्टाने तो कायम ठेवला. सांबावाल्यांनी त्या खटल्यात बाजू मांडली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकदाच १० हजार युरो भरून कागदपत्रं मिळाली. सोळा वर्षं लागली!

मला यापेक्षा पुढचा भाग जास्त गंभीर वाटतो. या बोलीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत विंडोजमध्ये एक भगदाड होतं. अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेला ते सापडलं आणि तिने ते स्वतःपुरतं ठेवलं. मग ते हत्यार चोरीला गेलं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्ये दुरुस्ती दिली, पण ती ज्यांनी टाकली नाही त्यांच्या मशीनमध्ये १२ मे रोजी 'वॉनाक्राय' घुसला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. जूनअखेर 'नॉटपेट्या'ने तेच भगदाड वापरलं, आणि आपल्या न्हावा-शेव्यात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

विंडोज १०मध्ये ही जुनी आवृत्ती २०१७च्या अखेरपासून आपोआप येत नाही. तरी आपल्याकडे ती सापडते. जुन्या झेरॉक्स मशीनला स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकायला तीच एक बोली येते, म्हणून टेक्निशियन ती पुन्हा चालू करून देतो. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्सची यादी उघडा, 'एसएमबी १.०'समोर टिक आहे का बघा. असेल तर ती कशासाठी ठेवलीय, ते त्याला विचारा.