पेपरमिंटच्या ओढीव गोळ्या
अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, नाताळासाठी घरी करण्यात येणारा मिठाईचा एक जुना प्रकार. साखर, पाणी व लोणी एकत्र उकळून पक्का गोळीबंद पाक (सु. १२५° से.) करतात. थेंबभर पाक गार पाण्यात सोडला असता त्याची टणक गोळी व्हावी, ही जुनी व आजही भरवशाची परीक्षा. लोणी लावलेल्या संगमरवरी फरशीवर पाक ओततात. तो ढवळायचा मात्र नाही. ढवळल्यास साखरेचे खडे धरतात. हाताला सोसवेल इतका निवला, की पेपरमिंट तेलाचे मोजकेच थेंब घालून तो ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा.

खरे कसब या ओढण्यातच आहे. आत हवा कोंडली जाऊन पिवळसर, पारदर्शक पाक हळूहळू पांढरा व रेशमासारखा चकचकीत होतो. हात भरून येतात, पण थांबले तर पाक आवळतो. म्हणून हे काम सहसा दोघे मिळून करतात. दोरीसारखी लड वळून कात्रीने तुकडे पाडतात. बंद डब्यात रात्रभर मुरल्यावर साखरेचे बारीक स्फटिक होऊन चिवट गोळी तोंडात विरघळण्याइतकी मऊ होते. दमट हवेत पाक चिकट राहतो, त्यामुळे कोरडा, थंड दिवस निवडतात.

पेपरमिंट हा जलपुदिना व स्पिअरमिंट यांचा संकर. त्यातील मेंथॉलमुळे जिभेला गारवा जाणवतो. स्वीडनमधील ग्रेना येथे आमालिया एरिक्सन यांनी १८५९ मध्ये विकायला सुरुवात केलेली लाल-पांढरी पोल्काग्रीस कांडीही ओढीव पाकाचीच, पण कडक असते.